बेल वाजवून

“आत्या, तुझ्या तिकडे सेफ आहे ना गं?”

भाचीचा फोन होता. नाशिकहून पुण्यात येतेय, ऑफिस हिंजवडीला, आणि राहायला कोथरूडमध्ये, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, एक वन बीएचके पसंत पडलेला. एजंटनं ‘एकदम फॅमिली एरिया’ असं सांगितलं होतं. माझ्या भावाला ते पुरेसं वाटलं नाही, म्हणून शेवटचा शिक्का माझा हवा होता. इकडे माझी फोडणी करपत होती. “हो गं, अगदी सेफ,” म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण ते ‘अगदी’ दिवसभर टोचत राहिलं. तीस वर्षं मी इथं राहते. माझ्याच घरी चोरी झालेली आहे. समोरच्या इमारतीतल्या बाई सकाळी सव्वासहाला दूध आणायला गेल्या, तेव्हा मोटारसायकलवरच्या दोघांनी त्यांचं मंगळसूत्र ओढलं. मानेवरचा वळ महिनाभर गेला नाही. मी स्वतः फिरायला जाताना खोटे मणी घालते आणि तेही ओढणीखाली ठेवते. तरी विचारल्यावर तोंडातून आलं ते ‘अगदी’. आपल्या एरियाबद्दल विचारलं की आपण आपल्या मुलांबद्दल विचारल्यासारखं उत्तर देतो.

आकडे बघावेत म्हटलं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा ‘क्राइम इन इंडिया’ हा अहवाल १९५३ सालापासून निघतो आहे. त्यात मोठ्या शहरांचे तक्ते असतात, पुण्याचाही असतो. पण तो गुन्ह्यांचा नसतो, नोंदवलेल्या गुन्ह्यांचा असतो. हा फरक मला कळला तो यजमानांचा फोन गर्दीच्या बसमध्ये खिशातून गेला तेव्हा. एका चौकीत आम्ही ‘चोरी’ म्हणत होतो आणि टेबलापलीकडचे गृहस्थ अतिशय गोड आवाजात विचारत होते, “चोरी कशावरून? पडला असेल की कुठे.” शेवटी कागदावर ‘गहाळ’ असं आलं. फोन गहाळ, चोर गहाळ, गुन्हाही गहाळ. ज्या ठाण्यात प्रत्येक तक्रार लिहून घेतात ते ठाणं तक्त्यात वाईट दिसणार आणि जिथं पडला असेल म्हणतात ते गुणी ठरणार. भाचीला कुठला तक्ता दाखवू?

मंगळसूत्रांचंही तेच. रस्त्यावरच्या बायकांना ‘ओढणं’ आणि ‘चोरणं’ यातला फरक मानेपासून माहीत होता. कायद्यात मात्र हिसकावण्याच्या चोरीला स्वतंत्र कलम मिळालं ते १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचं ३०४. तोवर कधी साधी चोरी लागे, कधी जबरी चोरी.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. अकरा बिऱ्हाडं, एक नळ, एक थोरला दरवाजा आणि त्याला दिंडी. रात्री दहाला मालकांचा धाकटा भाऊ अडसर लावी. त्यानंतर येणाऱ्यानं दिंडीची कडी वाजवायची आणि ज्याची झोप सावध त्यानं उठून उघडायचं. त्यामुळे कोण किती वाजता आलं, कुठून आलं, कसला वास येत होता, हे सकाळी नळावर सगळ्यांना ठाऊक. दिवसा खोल्यांना कुलूप नसे. शेजारच्या काकूंना ‘जरा लक्ष ठेवा हो’ म्हटलं की झालं. काकू लक्ष ठेवत. आमच्या घरावरही आणि आमच्यावरही. मी नववीत असताना एका वर्गमित्राशी कोपऱ्यावर पाच मिनिटं बोलले, तर ती बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. कॅमेऱ्याला निदान स्वतःचं मत नसतं.

“आपल्या वाड्यात कधी चमचा हलला नाही,” आई अजून सांगते. खरं आहे. पण माडीवरच्या एका बिऱ्हाडातून महिन्याकाठी चार-पाच रात्री भांडी आदळल्याचे आणि मग दाबलेल्या रडण्याचे आवाज येत. सगळा वाडा जागा असे आणि कुणी दिवा लावत नसे. सकाळी त्या बाई कपाळापर्यंत पदर ओढून पाण्याला आल्या की बायका त्यांना नंबर सोडून पुढे जाऊ देत. तेवढीच आमची मदत. सासरच्या छळाला कायद्यात वेगळं कलम, ते ४९८-अ, आलं १९८३ साली. तोवर ते बिऱ्हाड उठून गेलं होतं. चमचा हलला नाही म्हणताना आई ती माडी हिशेबात धरते का, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

आणि मग १९७६ उजाडलं.

माझ्या वयाच्या पुणेकरांना फार सांगावं लागत नाही. ‘जोशी-अभ्यंकर’ म्हटलं की पुरे होतं. मी नऊ वर्षांची होते. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीतल्या जोश्यांच्या घरातल्या तिघांचे खून झाले. ते घर आमच्या वाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १ डिसेंबरला भांडारकर रोडवरच्या बंगल्यात पाच माणसं मारली गेली. त्यात संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, वय अठ्ठ्याऐंशी. आणीबाणीचे दिवस. छापून येई त्यापेक्षा कानोकानी जास्त येई, आणि कानोकानी येताना ते वाढून येई. दहाचा अडसर दिवेलागणीला पडू लागला. बाबांनी आमच्या खोलीच्या दाराला आतून साखळी ठोकून घेतली. रात्री संडासला जायचं तर चौकात, म्हणून आम्ही मुलं संध्याकाळपासून पाणीच प्यायचो नाही. माझ्या भीतीची चव विचाराल तर ती कोरड्या घशाची आहे.

संशय मात्र भरपूर होता आणि तो सगळा बाहेर बघत होता. नंदीबैलवाला आला तर दिंडी लावली जाई. कल्हईवाला वर्षानुवर्षं येणारा, त्यालाही काकूंनी गावाचं नाव विचारलं. बाबांच्या कचेरीत कुणी ठामपणे सांगे की टोळी परराज्यातली आहे. ३० मार्च १९७७ ला पकडले गेले ते टिळक रोडवरच्या कलामहाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकणारे विद्यार्थी. सायकलवर पाय टेकवून अमृततुल्यासमोर उभी असतात तशी मुलं. चौदा महिन्यांत दहा खून. पहिला त्यांच्याच कॉलेजातल्या मुलाचा, शेवटचा मित्राच्या धाकट्या भावाचा. कडी-कोयंडा उचकटायची त्यांना गरज नव्हती. भांडारकर रोडवर ते संध्याकाळी आठच्या सुमाराला गेले होते. बेल वाजवून.

हे कळल्यावर बाबांनी साखळी काढली नाही, उलट दुसरी लावली. खरं म्हणजे साखळीचा त्यात काय संबंध होता? चांगल्या कपड्यातला मुलगा बेल वाजवून ‘काका आहेत का’ म्हणाला असता तर आईनं ‘ये, बस, पाणी देऊ का’ म्हणून दोन्ही साखळ्या काढल्याच असत्या. मीही आज काढीन.

२७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मी अकरावीत होते. त्या दिवसानंतर पुष्कळ वर्षांनी एकदा खटल्याबद्दल वाचताना मी अडखळले. बंगल्यात मारल्या गेलेल्या पाचांत त्या घरी काम करणाऱ्या साठीच्या एक बाई होत्या. दोन आडनावांनी आख्खं प्रकरण ओळखलं जातं आणि ते आडनाव त्यात नाही. मी त्या दिवशी हे वाचून अडखळले याला कारण होतं. तेव्हा आमच्याकडे चोरी होऊन वर्षही झालं नव्हतं.

ती चोरी २००९ च्या मे महिन्यातली. आम्ही चार दिवस गुहागरला गेलो होतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लोखंडी सेफ्टी डोअर, आत लॅचचं कुलूप. परत आलो तेव्हा सेफ्टी डोअर नीट लोटलेलं होतं आणि कोयंडा त्याच्या मागे जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबत होता. आत कपाटातल्या साड्या हॉलमध्ये, कणकेचा डबा पालथा (दागिने कणकेत ठेवतात हे चोरांना आपल्या आधीपासून माहीत आहे), आणि देव जागच्या जागी. पाटल्या, मुलीसाठी करून ठेवलेला हार, थोडी रोकड गेली.

पंचनाम्याला पंच म्हणून खालच्या मजल्यावरचे दोघं आले आणि त्यांनी माझ्या घरातले सगळे खण पहिल्यांदाच पाहिले. ठसेवाल्यांनी काळी पूड मारली. ती कपाटाच्या सनमायकावरून पुढे दिवाळीपर्यंत जात नव्हती. श्वान वास घेत जिन्यानं खाली उतरला, कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेला आणि तिथं बसला. मग साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, “घरकामाला कोण आहे?”

मी मावशींचं नाव सांगितलं. आडनाव, वस्ती, मुलाचं काम, सगळं. एक क्षणही थांबले नाही. आठ वर्षं त्या आमच्याकडे होत्या. मुलीच्या कांजिण्यांत रात्री थांबल्या होत्या. आमची किल्ली त्यांच्याकडे असे, कुठे गावाला गेलो की कुंड्यांना पाणी घालायला. त्याच चार दिवसांत मात्र त्यांच्या घरी लग्न होतं, म्हणून किल्ली शेजारी होती. हेही मी साहेबांना सांगितलं, पण कसं? “नेमकी याच वेळी किल्ली त्यांच्याकडे नव्हती,” असं. त्या ‘नेमकी’वर साहेबांचं पेन थांबलं होतं, ते मला दिसलं होतं.

मावशींना दोन संध्याकाळी चौकीत बसवून ठेवलं. कुणी हात लावला नाही, नुसतं बसवलं. मुलालाही बोलावलं. वस्तीत बातमी पसरायला तेवढं पुष्कळ झालं. दोन घरांनी त्यांना ‘सध्या नको’ म्हणून सांगितलं.

सात महिन्यांनी दुसऱ्याच घरफोडीत एक सराईत सापडला आणि त्यानं आमचं घर कबूल केलं. त्याची पद्धत पंचनाम्यातल्या कुठल्याही पुडीपेक्षा साधी होती. दुपारी इस्त्रीचे कपडे घेऊन आल्यासारखा इमारतीत शिरायचा, जिना चढताना दारं बघायचा. दोन दिवसांचे पेपर कडीत, दुधाची पिशवी तशीच, दारापुढची रांगोळी पुसट. मग वरून खाली येताना दोन-तीन बेला वाजवायचा. उघडलं तर ‘सॉरी, चुकलो’. नाही उघडलं तर रात्री. यानंही बेलच वाजवली होती. शेजारच्या आजींनी दार उघडलं होतं आणि त्याला पाणीही विचारलं होतं.

पाटल्या मिळाल्या, हार नाही. मिळाल्या म्हणजे कोर्टात अर्ज, ओळख पटवणं, फोटो आणि सुपुर्दनामा: विकणार नाही, मोडणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन. त्या घालून लग्नांना जाताना मला कुणा दुसऱ्याच्या पाटल्या घातल्यासारखं वाटे. कायद्यानं त्या पुढे बरीच वर्षं मुद्देमालच होत्या.

पेढे घेऊन मी वस्तीत गेले. मावशी दारात भांडी घासत होत्या, त्यांच्या स्वतःच्या घरची. “बरं झालं वहिनी, मिळालं ते,” म्हणाल्या. पेढे घेतले, पोरांना वाटले. चहा दिला. कामाला कधी येता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “बघते.” त्या अजून आमच्या इमारतीत येतात, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये भेटल्या की मुलीची चौकशी करतात. आमची बेल त्यांनी पुन्हा वाजवलेली नाही.

चोरीनंतर सोसायटीनं जे केलं त्यावर वेगळा विनोदी लेख होईल. आधी वॉचमन बदलला, मग कॅमेरे बसवले. आता सोळा आहेत. एका सभासदाची स्कूटर गेली तेव्हा फुटेज काढलं, तर तीन महिन्यांपासून रेकॉर्डिंगच होत नव्हतं. पुढच्या वेळी होत होतं. त्यात एक टोपी दिसली. वॉचमनकाका सत्तरीकडे झुकलेले, बारा तासांची ड्युटी. रात्री दोन वाजता ते झोपतात म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव झाला. ठराव मांडणारे दुपारी दोन ते चार झोपतात.

आणि व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. ‘हा माणूस सकाळपासून फिरतोय. सावध!!’ खाली पाठमोरा फोटो. तो गॅसचा मीटर वाचणारा निघाला. एकदा दिंडी चालल्यासारखे सहा निरोप एकामागून एक आले की मुलं पळवणारी टोळी आलीय. मी तो निरोप पुढे पाठवला होता, दोन ठिकाणी. मग १ जुलै २०१८ ची बातमी आली. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण. मुलं पळवणारे समजून त्यांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं, मरेपर्यंत. मी ज्या दोन ग्रुपांवर निरोप पाठवला होता तिथं जाऊन तो खोडायचा प्रयत्न केला. फोन म्हणाला, आता उशीर झालाय.

तेव्हा कोण घाबरतं आणि घाव कुणाला बसतो, याचा हिशेब आमच्या ४११०३८ या पिनकोडमध्ये सरळ नाही. गेली काही वर्षं पेपरात कोयता गँग असते. नारळ-ऊस तोडायचं हत्यार हातात घेऊन मिसरूड न फुटलेली पोरं रील काढतात, दहशत बसावी म्हणून रात्री गाड्या फोडत जातात. आमच्या ग्रुपवर त्यावर रोज चर्चा होते, गेट आणखी उंच करायची सूचना येते. पण फुटतात त्या गाड्या आमच्या नव्हेत. आमच्या पार्किंगमध्ये असतात. फुटतात त्या वस्तीच्या कडेला रस्त्यावर लावलेल्या रिक्षा, टेम्पो, हप्त्यावरच्या बाइक. मावशींच्या मुलाच्या रिक्षाची काच अशीच गेली. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, तिथून मला कळलं. ती पोरंही तिथलीच, आणि त्यांच्या आया सकाळी सात वाजता आमच्याकडे भांड्याला येतात, रात्रीच्या जाग्या डोळ्यांनी.

चौथ्या मजल्यावरच्या काकांचं तर गेल्या वर्षीचं. ऐंशीचे, बँकेतून निवृत्त, मुलगा परदेशात. दाराला तीन कुलपं, आतून आडवी पट्टी. त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर खाकी वर्दी, मागे तिरंगा. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, दार लावून घ्या, कुणाशी बोलू नका. असली कुठली अटक आपल्या कायद्यात नाही, पण ऐंशीव्या वर्षी वर्दीसमोर हे सुचत नाही. दोन दिवस काका कॅमेऱ्यासमोर बसून राहिले, संडासला जातानाही परवानगी मागून. एफडी मोडून पैसे पाठवले. मी मधल्या दुपारी खीर घेऊन गेले होते, बेल वाजवली होती. आतून आवाज आला, “झोपलोय, नंतर या.” मी डबा हँडलला अडकवून आले. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लागला तो तिसऱ्या दिवशी, मुलानं तिकडून लावायला सांगितल्यावर. खाली वॉचमनकाका जागे होते त्या दोन्ही रात्री. सोळाही कॅमेरे चालू होते.

या खिरीच्या डब्याचं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. वाड्यातल्या काकू असत्या तर ‘नंतर या’ ऐकून परत फिरल्या नसत्या. दाराला कान लावून उभ्या राहिल्या असत्या, आतला अनोळखी आवाज ऐकला असता, गिल्ला केला असता. त्याच काकू माडीवरच्या रडण्याला मात्र दिवा लावत नव्हत्या. मला दोन्ही आठवतं, म्हणून वाड्याचे गोडवे गायची पाळी आली की मी गप्प बसते.

रात्री भाचीला परत फोन लावला. म्हटलं, मघाशी मी घाईत बोलले. शनिवारी ये आणि रात्री साडेनऊला स्टॉपपासून त्या इमारतीपर्यंत चालत जाऊन बघ. दिवे चालू आहेत का बघ. कोपऱ्यावरचं मेडिकल आणि पोळी-भाजीवाल्या बाईंचं दुकान त्या वेळी उघडं असतं, त्यांना तोंड दाखवून ठेव. घरमालक भाडेकरूची माहिती पोलिसांकडे भरायला टाळाटाळ करत असेल तर घर घेऊ नकोस. खालच्या मजल्यावर कोण राहतं ते विचार. त्यांच्याकडे एकदा साखर मागायला जा, घरात असली तरी.

“आत्या, पण सेफ आहे की नाही?”

“मी आहे ना दोन गल्ल्यांवर,” म्हटलं. हे उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं असावं.

तिनं घर घेतलं. शनिवारी आम्ही दोघी चाललो. दोन दिवे बंद होते, मेडिकल उघडं होतं. सामान लागलं, दुधाची पिशवी ठरली, आणि तिनं विचारलं, विश्वासाचं कुणी कामाला मिळेल का. मी मावशींचं नाव सांगितलं. या वेळीही एक क्षण थांबले नाही. दुसऱ्या मजल्यावरून निरोप धाडला, आणि त्या तिच्याकडे जाऊनही आल्या.

आठवड्यानं भाचीचा फोन. “आत्या, मावशी मस्त आहेत गं. पण एक प्रॉब्लेम आहे. मी साडेसातला निघते, तर म्हटलं तुमच्याकडे एक किल्ली ठेवा, सावकाश या. त्या नको म्हणाल्या. मी घरात असेन तेव्हाच येणार, म्हणून पहाटे सहाला येतात बिचाऱ्या. असं का?”

“असेल त्यांची पद्धत,” मी म्हटलं.